आग्नेयेची माती

माझं डोकं एकदा फिरलं की फिरलं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी सासरे, म्हणजे आमचे कडुबामामा, मला म्हणाले, "अपेक्षा, रिपोर्ट चांगला आला ना? मग आता कशाला खुसपट काढती?"

त्याचं असं झालं. हर्सूलच्या प्लॉटवर दोन खोल्या बांधायच्या होत्या. तिथं आधी जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचं शेड होतं. असलं शिसं लहान पोरांच्या मेंदूला बाधतं, हे कळलं अन् माझी झोप उडाली. आमची चिमी दीड वर्षाची. जमिनीवर सोडली की पहिली मूठ मातीची, ती थेट तोंडात. कितीही रागवा, हसती अन् परत खाती.

म्हणून माती तपासणाऱ्या नीरजा मॅडमना बोलावलं. त्यांना चारी कोपऱ्यांत खड्डे घ्यायचे होते. सासूबाई आडव्या आल्या. "भूमिपूजनाआधी जमिनीला लोखंड लागायचं नाय. अन् पहिली कुदळ ईशान्येलाच, देवाच्या कोपऱ्यात." मॅडम बिचाऱ्या पूजेपर्यंत थांबल्या. पूजेच्या दिवशी दुसरी कुदळ सासूबाईंनी मारू दिली नाय, म्हणून त्यांनी त्याच खड्ड्यातली माती घेतली, अन् ही एकाच जागेची तपासणी आहे असं बजावून गेल्या. रिपोर्ट साफ आला. बजावलेलं कोण ऐकतंय? आम्ही पेढे वाटले.

दुष्काळाचं वर्ष. आज टँकर मिळतोय, उद्याचा काय भरवसा, म्हणून मिस्त्री घाई करत होता. आखणीला चुन्याची फक्की टाकता टाकता त्यानं विचारलं, "चूल आग्नेयेलाच ना?"

मी त्या कोपऱ्याकडं वळून बघितलं. अहो, आपण चूल आग्नेयेला मांडतो, तर त्या शेडवाल्यानं भट्टी कुठं मांडली असेल? तोही इथलाच माणूस, देवाच्या कोपऱ्यात थोडीच पेटवणार! आम्ही शहाण्यांनी नेमकी भट्टी नसलेल्या कोपऱ्यातली माती तपासली होती.

"काम थांबवा," मी म्हणाले. मिस्त्री हसला. मामा खुसपटाचं बोलले ते तेव्हाच. नवरा इंद्रजीत मोबाइलमध्ये तोंड घालून बसला. मी मॅडमना फोन लावला, आग्नेयेला भर उन्हात फतकल मारली, अन् मॅडम येईपर्यंत उठले नाय.

वरचा मुरूम काढला तर खाली काळाकुट्ट थर. त्यात शिसं लई निघालं. सासूबाईंनी चिमीला इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली. "मीच अडवलं गं," त्या म्हणाल्या. मला राग होता, पण त्यांचा चेहरा बघून गिळला.

मॅडमनी सांगितलं, थर पुरता काढा, ताडपत्रीखाली झाका, असला कचरा घेणाऱ्यांची गाडी येईल तिच्यातूनच पाठवा. गाडीला अवकाश होता. मामांना कुठला दम? त्यांनी ट्रॅक्टर बोलावला, ट्रॉली भरली.

"नाल्यात टाकून येतो. सारा गाव टाकतो."

मी ट्रॅक्टरपुढं उभी राहिले. "नाल्याच्या काठाला भटक्यांची पालं हायत, मामा. तिथं पोरं खेळतात."

"तुझी पोर वाचली ना? मग सर बाजूला!"

"नाय सरत."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. तेवढ्यात सासूबाई आल्या. चिमीला माझ्या कडेवर दिलं, ट्रॅक्टरची किल्ली काढून कमरेला खोचली. "घर झालं तर होईल, नाय तर नाय," त्या मामांना म्हणाल्या. "ही माती दुसऱ्याच्या लेकरांना खाऊ घालायची नाय."

 मामांनी ट्रॉली प्लॉटवरच रिकामी करायला सांगितली, अन् ताडपत्री आणायला स्वतः गुलमंडीच्या बाजारात गेले.