अकरावा नियम

"हात दाखवा," मी म्हटलं.

दातांचे डॉक्टर हसले, पण दाखवले. दिवसभर लोकांना 'आ करा' म्हणणारा माणूस माझ्यासमोर दोन्ही पंजे पुढे करून उभा. त्यांच्या दवाखान्यात पेशंट बसतात त्या खोलीत सहा फुटांची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. दर रविवारी, दवाखाना बंद असताना, ती साफ करायला मी येते. आठवड्यात कुणाच्या तरी पोराने खेळण्यातली मोटार टाकीत टाकली होती आणि डॉक्टर बाही वर करून ती काढायला निघाले होते.

"ही रेघ कसली?"

"कागदाने कापलं हो काकू. ही काय जखम आहे?"

"जंतूला शिरायला दार केवढं लागतं? लोकांच्या तोंडात हात घालताना मोजे घालता, आणि विषारी काट्यांच्या माशापुढे उघडा हात? व्हा बाजूला."

मी काखेपर्यंतचे हातमोजे चढवले, डोळ्यांवर चष्मा लावला, लायनफिशला काठीने हळूच कोपऱ्यात सरकवलं आणि लांब चिमट्याने मोटार बाहेर काढली. सगळं आटोपल्यावर साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. शेजारी स्टुलावर माझा थर्मास होता. त्यावर एक पट्टी चिकटवलेली आहे, 'चहा नाही'. अक्षर ह्यांचं.

"आज तरी एक घोट द्या," डॉक्टर म्हणाले. दर रविवारी ते हाच विनोद करतात आणि दर रविवारी मी हसते. गिऱ्हाईक आहे, काय करणार.

थर्मासात नुसतं गरम पाणी असतं. लायनफिशचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात तासभर बुडवून ठेवायचा, त्याने विष मोडतं, आणि मग सरळ दवाखाना गाठायचा. पाणी किती गरम आहे ते मात्र दुसऱ्या हाताने बघायचं, कारण काटा लागलेल्या हाताला समजत नाही आणि माणूस भाजून घेतो. टाक्यांचं काम मुळात ह्यांचं, हे सगळं मला त्यांनीच शिकवलं. अकरा वर्षांत थर्मास दोनदाच उघडावा लागला, पण तो भरल्याशिवाय मी घर सोडत नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि माझं तर नुसतं तोंड पोळलेलं नाही.

प्रत्येक गिऱ्हाइकाला मी एक छापील कागद देते. दहा नियम. हाताला चीर असेल तर टाकीत हात घालायचा नाही. तोंडाने नळी ओढायची नाही. बोटावर गाठ आली आणि महिनाभर बरी होईना, तर डॉक्टर विचारोत न विचारोत, 'घरी मासे आहेत' हे आधी सांगायचं. असे दहा. अकरावा मला माहीत आहे, माझ्याइतका कुणालाच माहीत नसेल. तो मी कधी लिहिला नाही. लिहिला तर कुणीतरी विचारणार, काकू, तुम्हाला हे कसं कळलं?

टाकीतल्या दगडांवर एक प्रवाळ वाढतं. आम्ही त्याला बटणं म्हणतो, कारण ते तसंच दिसतं, शर्टाची बटणं ओळीने शिवून ठेवल्यासारखं. आमच्या घरच्या एका दगडावर ती भारी माजली होती. हे रोज म्हणायचे, एकदा वेळ काढून बघायला हवं त्याच्याकडे. ह्यांना दम्याचा त्रास. म्हटलं, आपणच करून टाकू, खूश होतील. हातमोजे घातले, अगदी नीट. दगड मोठ्या पातेल्यात ठेवला, पाणी ओतलं, झाकण ठेवलं, गॅस लावला. उकळलं की सगळं मरतं, माझ्या आईने तेच शिकवलं होतं आणि त्या थर्मासनेही तेच शिकवलं होतं. मग वाळत घातलेले कपडे काढायला मी गच्चीवर गेले. तेवढ्यात हे कामावरून आले. स्वयंपाकघरात झाकण खडखडतंय, काय उतू जातंय बघावं म्हणून त्यांनी झाकण उचललं आणि वाकले.

बटणांचं विष उकळून मरत नाही. ते वाफेबरोबर वर येतं. नवव्या दिवशी हे गेले.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं होतं, दगड उकळला कुणी? ह्यांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि म्हणाले, "मीच. घरात कुणाला माहीतसुद्धा नव्हतं." बोलताना बघत होते माझ्याकडे. लेक कॉटच्या पायथ्याशी उभी होती, पंधरा वर्षांची. मी तोंड उघडलं नाही. तेव्हा नाही आणि नंतरही नाही. पोरीचा बाप गेला, आई तरी तिच्या नजरेत शाबूत राहू दे, असं मी स्वतःला सांगत आले. खरं सांगू? भ्याले होते.

तेव्हापासून आमच्या घरात चुलीवरच्या पातेल्यावर झाकण ठेवत नाहीत. लेकीला वाटतं आईची खोड आहे. कुठेही झाकण खडखडलं की मला ती जिन्यावरून उतरणारी बाई दिसते, हातात कपड्यांचा ढीग, तोंडात गाणं, आणि दारात नवऱ्याचे बूट बघून खूश झालेली. तिला हाक मारून थांबवावं असं वाटतं. ती कधी थांबत नाही.

लेक आता सव्वीसची आहे, रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करते. माझा खांदा धरतो म्हणून रविवारी तीच गाडी चालवते आणि पाण्याचे कॅन उचलते.

"कागद संपले गं," गाडीत बसताना मी म्हटलं. ते तीच छापून आणते.

"आणते. दहा नियम!" ती म्हणाली. "बाबांनी त्यातला एक जरी पाळला असता तर."

"असं बोलू नये."

"का बोलू नये? दम्याचा माणूस, रोजचं काम तेच, आणि विषारी दगड चुलीवर चढवतो? एवढी अक्कल असू नये? आणि मग चाळिशीत तू लोकांच्या टाक्या घासत हिंडायचं. आई, तू केलं असशील माफ. मी नाही करणार."

लहानपणी ही पोरगी बापाची शेपूट होती. सगळ्या माशांची नावं तिला त्यांनी मांडीवर बसवून शिकवली. आज तिच्या खोलीत त्यांचा साधा फोटो नाही. माझ्या एका वाक्याने तो फोटो भिंतीवर लागला असता. ते वाक्य जिभेपर्यंत यायचं आणि मी गिळायची. गिळून गिळून सवय झाली होती.

"आता घड्याळकाकांकडे," मी म्हटलं.

घड्याळकाका म्हणजे घड्याळदुरुस्तीच्या दुकानातून निवृत्त झालेले गृहस्थ. नजर अजून बारीक, हात स्थिर, आणि वेळ घालवायला टाकी. त्यांच्याही एका दगडावर बटणं माजली होती. गेल्या खेपेला मी बजावलं होतं, काका, त्या दगडाला हात लावू नका, मी बघते. का लावू नका, ते सांगितलं नव्हतं.

पहिल्या मजल्यावर त्यांच्या सुनेने दार उघडलं, कडेवर सहा महिन्यांचं बाळ. आणि आतून आवाज आला. खडखड, खडखड.

"काय उकळतंय?" मी विचारलं.

"पपांचा दगड," ती हसून म्हणाली. "म्हणाले, काकूंचा त्रास वाचेल."

काका आतून आले, चेहरा अगदी खुललेला. "आत्ताच उकळी फुटली बघा. आणि हातमोजे घालून हो! तुमच्या कागदातला एकूण एक नियम पाळलाय."

"बाहेर!" मी ओरडले. "सगळे बाहेर व्हा आधी!"

दोघांना अक्षरशः ढकलून जिन्यात काढलं. दारातच श्वास भरून घेतला, नाकावर रुमाल दाबला आणि आत धावले. गॅस बंद केला. झाकणाला हात लावला नाही. खिडकी उघडली, स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं, बाहेर आले, घराचं दार ओढलं आणि मगच श्वास सोडला. झाकण गप्प झालं होतं तरी माझ्या कानात खडखडत होतं.

"काकू, हे काय चाललंय?" सून चिडली होती, आणि तिचं चुकलं काय? "बाळाचं दूध आत आहे."

"दूध फेकून द्यायचं."

"तुम्ही टाकी साफ करायला येता, आमचं घर चालवायला नाही."

"अहो बाई," काका म्हणाले, "उकळल्याने जंतू मरतात, शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तुमच्याच थर्मासवरून मला सुचलं. आणि तुमच्या कागदावर उकळू नका असं कुठे लिहिलंय? दाखवा बरं."

काय दाखवणार, कपाळ? लिहिलेलंच नव्हतं. माझी अब्रू झाकायला मी एक ओळ गाळली आणि त्या ओळीपायी हे म्हातारं, ही बाई आणि हे बाळ त्या वाफेत उभे होते.

"माझे मालक असल्याच वाफेने गेले," मी म्हटलं.

सुनेचा आवाज खाली आला. "वाईट झालं, काकू. पण त्यांनी काही हयगय केली असेल. पपांनी सगळं नीट हातमोजे घालून केलंय. मी नुसतं दूध घेऊन येते, एक मिनिट." तिने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि हात कडीला लावला.

"मीपण हातमोजे घातले होते!"

तिचा हात कडीवरच राहिला. मी मान वळवली. चार पायऱ्या खाली माझी लेक उभी होती, दोन्ही हातांत पाण्याचे कॅन.

"मी ठेवला होता दगड," मी म्हटलं. सांगायचं होतं सुनेला, पण बघत होते लेकीकडे. "हे घरातसुद्धा नव्हते. मी पातेल्यात घातला, मी झाकण ठेवलं, मी गॅस लावला आणि वर गच्चीवर गेले. त्यांनी येऊन नुसतं झाकण उचललं. नऊ दिवस तडफडले. दार उघडू नकोस गं बाई, तुझ्या पाया पडते."

सुनेने कडी सोडली. बाळाला छातीशी धरून ती मागे सरली.

लेकीने कॅन पायरीवर ठेवले, सावकाश, एकेक करून.

"आणि हॉस्पिटलात बाबा म्हणाले ते?"

"खोटं."

"तुझ्यासाठी?"

"माझ्यासाठी."

ती काकांकडे वळली आणि लॅबमधल्या आवाजात म्हणाली, "घसा खवखवतोय? तोंडात धातूसारखी चव येतेय? येत नसली तरी चला. सगळे गाडीत बसा." बापाच्या वेळचं सगळं तिच्या लक्षात होतं. मला ती म्हणाली नाही की तू बस. मी आपली मागे बाळाशेजारी जाऊन बसले.

काकांना रात्री ताप चढला, दुसऱ्या दिवशी उतरला. सून आणि बाळ बरे होते. सोमवारी काकांनी फोन केला, "बाई, हे आधी का नाही सांगितलंत?" रागावून विचारलं असतं तर बरं झालं असतं. ते रागावले नव्हते.

लेक बोलेनाशी झाली. जेवायला बसायची, जेवायची, ताट धुवायची, खोलीत जायची. मंगळवारी तिने भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. मला बघून, मुद्दाम. मी भात होईपर्यंत ओट्याशी उभी राहून तो खडखडाट ऐकला. तेवढं माझ्याकडे निघत होतं.

बुधवारी मी जुना कागद घेतला आणि खाली हाताने लिहिलं: '११. टाकीतला दगड कधीही उकळू नये. त्याची वाफ जीव घेते. आमच्या घरी मी उकळला होता.' कागद तिच्या टेबलावर ठेवला. छापून आण, असं म्हणायचाही मला आता अधिकार वाटत नव्हता. गुरुवारी तो तिथेच होता. शुक्रवारी नव्हता.

रविवारी ती येईल असं धरलंच नव्हतं. रिक्षाने जायच्या तयारीत खाली उतरले, तर गाडी दारात होती आणि ती आत बसलेली. माझ्या सीटवर कागदांचा गठ्ठा होता. मी तो मांडीवर घेतला आणि वरचा कागद बघितला. अकरावा नियम मी लिहिला होता तसाच होता, एक अक्षर बदललेलं नव्हतं. त्याच्या खाली तिने आणखी दोन ओळी छापल्या होत्या.

'त्यात माझे बाबा गेले. ते सगळे नियम पाळायचे.'

मी ते पुन्हा वाचलं. चष्मा काढून पुसला. ती समोर बघत होती. गाडी सुरू केली, गिअर टाकला आणि थांबली.

"थर्मास घेतलास?" सात दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला.

"घेतला," मी म्हटलं. तो पायाशीच होता, तरी मी वाकून एकदा हात लावून बघितला.