नाथाच्या नावावरचा नंबर

सटवानं नवा फोन दोन्ही हातांनी काउंटरवर परत ठेवला आणि विचारलं, "ह्याच्यात आमचं जुनं कार्ड बसंल का?"

माजलगावातलं ते दुकान मोबाईल कंपनीचंच होतं. काउंटरमागच्या मुलीनं समजावून सांगितलं की फोन एवढा स्वस्त मिळतोय तो कंपनीच्या नव्या नंबरासोबत; वर्षभर त्यात दुसरं कार्ड चालणार नाही. जुनाच नंबर हवा असेल तर तो इकडे वळवून घेता येईल. ज्याच्या नावावर आहे त्यानं फक्त येऊन अंगठा द्यायचा.

"कुणाच्या नावावर आहे?"

"नाथाच्या. पोराच्या."

"मग त्यांना घेऊन या ना काका. लगेच होईल."

सटवानं काउंटरच्या काचेवरून एकदा तळवा फिरवला.

"त्यो येत न्हाई," तो म्हणाला.

शेजारी उभ्या त्याच्या लेकीनं, उज्ज्वलानं हळू आवाजात सांगितलं की भाऊ वारला, आता तिसरं वर्ष लागेल. मुलगी ओशाळली. मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, असं काय काय लागेल ते तिनं सांगितलं. पण तोवर नंबर बंद राहील आणि पुन्हा मिळेलच याची खात्री देता येत नाही, हेही ती प्रामाणिकपणे बोलली. सटवानं सगळं ऐकून घेतलं, भिंतीला टेकवलेली काठी उचलली आणि बाहेर पडला.

धारूरच्या एसटीत उज्ज्वला चिडून बसली होती. ती लातूरला एका दवाखान्यात नर्स होती. माय गुडघ्यांनी घरात अडकली होती, आबा मेंढरांमागे डोंगरात. दोघांची तोंडं तरी रोज दिसावीत म्हणून ती सुट्टी काढून हा फोन घ्यायला आली होती. नाथाचा फोन त्याच्या मागं आबाच वापरायचे. गेल्या आठवड्यात कळपात तो खाली पडला आणि मेंढरांच्या पायाखाली गेला. दुरुस्त होण्यासारखं त्याच्यात काही उरलं नव्हतं.

"आबा, नंबर धरून काय करायचंय? नवा घेतला तर सगळ्यांला कळवू की आपण."

"सगळ्यांला कळवता येत न्हाई."

समोरून उसानं भरलेली ट्रॅक्टरची जोडट्रॉली येत होती. सटवानं तोंड खिडकीकडून आत वळवलं आणि ती मागं जाईपर्यंत स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत राहिला. नाथा तसलाच ट्रॅक्टर चालवायचा. कारखान्याच्या रस्त्यावर वळणावर तो उलटला होता.

उज्ज्वलानं नव्या नंबराचा विषय सोडून दिला.

मग एकच वाट उरली. वापरलेले फोन दुरुस्त करून ऑनलाइन विकणारे असतात, त्यांच्याकडून मागवायचा. त्यात कुठलंही कार्ड चालतं. पण बिघडला तर भांडायला समोर दुकान नाही, हे तिनं आबांना दोनदा बजावलं. सटवा मान हलवत राहिला. त्याला एवढंच हवं होतं की तो रविवारच्या आत यावा. कावून, असं तिनं विचारलं तर म्हणाला, "असंच."

उज्ज्वलाच्या मायला, साखराबाईला ही सगळी धडपड आवडली नव्हती. नाथाचा विषय निघाला की ती उठून आत जायची. आणि नाथाच्या बायकोचं, रोहिणीचं तर नावही त्या घरात काढायचं नव्हतं. नाथा गेल्यावर वर्षाच्या आत सटवानंच सुनेला तिच्या बापाच्या हवाली केलं होतं आणि तिला दुसरं घर बघा म्हणून सांगितलं होतं. रोहिणीनं जाताना सासूचे पाय धरले, तेव्हा साखराबाईनं पाय मागं ओढून घेतले. "माझ्या लेकाची राख निवली न्हाई अन् ही निघाली," एवढंच ती बोलली. पुढं कितीतरी दिवस तिनं सटवाशी अबोला धरला. रोहिणीचं लग्न लागल्याची बातमी आली त्या दिवशी घरात चूल पेटली नाही.

फोन शनिवारी धारूरच्या कुरियरवाल्याकडे आला. कडेला बारीक ओरखडा होता, बाकी चांगला होता. उज्ज्वलानं तुटक्या फोनमधलं कार्ड काढलं, पुसलं आणि नव्यात बसवलं. थोड्या वेळानं वर रेंजच्या रेघा उमटल्या. सटवा तिच्या खांद्यावरून बघत होता.

"लागला?"

"लागला."

तो तिथंच जमिनीवर बसला.

एरवी रविवारी सटवा उन्हं चढायच्या आत डोंगरावर असायचा. पण संध्याकाळच्या गाडीनं उज्ज्वला जायची होती, म्हणून शेजारच्या आसारामानं त्या दिवशी मेंढरं नेली. दुपारी साखराबाई ओसरीत भाकरी थापत होती. सटवा अंगणात दोरखंड वळत होता, पण सारखा फोनकडे बघत होता. उज्ज्वला मायला व्हिडिओ कॉल कसा घ्यायचा ते दाखवत असतानाच फोन वाजला.

पडद्यावर नाव आलं, 'घर'.

उज्ज्वलाला आधी काही उमगेना. घरातली सगळी माणसं तर समोर होती. तिनं हिरवं बटण सरकवलं, स्पीकर चालूच होता. "हॅलो," ती म्हणाली. पलीकडून आवाज नाही. मग तिला आठवलं, नाथा ऊसतोडीच्या फडावर असायचा तेव्हा बायकोचा नंबर त्यानं याच नावानं ठेवला होता. कार्डावर तो तसाच राहिला होता.

सटवा उठून आला होता. त्यानं स्पीकरचं काही ओळखलं नाही; फोन हातात घेतला आणि रोजच्या आवाजात बोलू लागला, जसं डोंगरावर एकटा बसून बोलत असावा.

"हां. फोन मोडला होता, म्हणून लागला न्हाई गेल्या रविवारी. आता हाय. तुझी काळी मेंढी इयाली, दोन कोकरं झाली. पाणी हाय तळ्याला. तू बरी हाईस न्हवं?"

पलीकडं कुणी बोललं नाही. फक्त श्वास ऐकू येत होता. ती कधीच बोलत नसावी, असं उज्ज्वलाला वाटलं.

परातीतला आवाज थांबला होता. सटवानं मान वळवली. साखराबाई पीठ लागलेले हात तसेच धरून फोनकडं बघत होती. फोन बंद करायला त्याचा अंगठा पुढं आला, पण कुठं दाबायचं ते त्याला सापडेना.

तेवढ्यात फोनमधून तान्ह्या मुलाचं रडणं आलं. आधी बारीक, मग मोठं. कुणी त्याला उचलून घेत नव्हतं.

साखराबाई ऐकत राहिली. मग परातीकडं बघत म्हणाली,

"लेकरू रडतंय. घे म्हणावं त्याला."

सटवाला ते पुन्हा सांगावं लागलं नाही. पलीकडं बांगड्या वाजल्या. रडणं हळूहळू कमी झालं आणि थांबलं. फोन मात्र कुणीच ठेवला नाही.