पंखा थांबेपर्यंत

ती कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून मापं यायची, त्यांवरून ती आधी मेणात आणि मग पक्के दात बसवायची, आणि माणसाचं तोंड कधी न बघताच त्याचं हसू तयार करून पाठवायची. थोडक्यात, लोकांच्या तोंडात डोकावणं हा तिचा धंदा होता. लोकांच्या दारात डोकावणं ही मात्र निव्वळ खोड होती. त्यामुळे तिच्या खोलीच्या वरच्या मजल्यावर नवं ऑफिस आलं, त्यांनी काचांना आतून काळा कागद लावला आणि गळ्यात पट्टे अडकवलेली पोरं जिन्यावरून ये-जा करू लागली, तेव्हा तिच्या जिवाला घोर लागला. आत चालतं तरी काय? दिवसभर धबाधब उड्या मारल्याचे आवाज यायचे आणि छताची भुकटी तिच्या ओल्या मेणावर पडायची. वर जाऊन भांडायला तेवढं निमित्त पुरेसं होतं. पण भांडायला गेलेल्या माणसाला दारातूनच परत पाठवतात, आत कुणी घेत नाही, म्हणून तिनं राग राखून ठेवला होता.

मग एका दुपारी वरचा एक दाढीवाला पोरगा आपणहून खाली आला.

"काकू, तुम्ही कधी व्हिडिओ गेम खेळलाय का?"

काकू म्हटलेलं तिला मुळीच आवडायचं नाही. पण त्या क्षणी त्यानं आजी म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"कधीच नाही," ती म्हणाली. "का हो?"

"मग तुम्हीच हव्यात. आमचं एक नवं यंत्र बाजारात यायचंय. कधी न खेळलेल्या लोकांना ते जमतं का, ते बघायचंय आम्हाला. अर्धा तास द्याल?"

तिनं हात धुतले, एप्रन काढून खुंटीला अडकवला आणि त्याच्या आधी जिना चढली.

आत तसं बघण्यासारखं काहीच नव्हतं. मोकळी खोली, जमिनीवर रबराची चटई, समोर भिंतभर पडदा आणि पडद्याखाली एक बुटकी काळी पेटी. पेटीच्या तोंडावर काचेचा डोळा होता. बाहेर अवाक्षर बोलणार नाही असं तिच्याकडून कबूल करून घेऊन पोरानं तिच्या हातात लाटण्याच्या मुठीएवढी एक दांडी दिली. ही रॅकेट समजायची. दांडी हाताची हालचाल सांगते, डोळा सगळं अंग बघतो, आणि पडद्यावरचं चित्र तुमच्यासारखंच हलतं. खेळ बॅडमिंटनचा. पडद्यावरच्या जाळीपलीकडे हिरव्या केसांचा एक उंच पुतळा उभा होता. त्याला सगळे गुरुजी म्हणत.

तिच्याआधी एक टॅक्सीवाला आणि एक निवृत्त मुख्याध्यापक खेळून गेले. दोघांचीही साधी टोलवाटोलवी ठीक चालली होती, पण जोरात वरून स्मॅश मारायला गेले की पडद्यावरचं चित्र नुसतं ढिम्म. मुख्याध्यापकांनी शेवटी असा काही हात फिरवला की त्यांचा चष्मा जाऊन पडद्यावर आपटला. पडद्यावरचं पिसांचं फूल तरी जागच्या जागी पडलं ते पडलंच. "यंत्र निर्बुद्ध आहे," असा शेरा मारून ते निघून गेले. दाढीवाल्यानं कपाळाला हात लावला. कोपऱ्यात उभ्या असलेल्या त्याच्या बॉसबाईंच्या चेहऱ्यावर मात्र काही दिसलं नाही, कारण तो चेहरा गेले कित्येक दिवस तसाच होता.

मग ती उभी राहिली. दांडी धरली. पहिली दोन फुलं सोडून दिली, तिसरं उंच आलं आणि तिनं ते हाणलं. फूल गुरुजींच्या पायाशी जाऊन पडलं. पुन्हा आलं, पुन्हा हाणलं. लहानपणी खेळायची, त्यानंतर रॅकेटला हात लावला नव्हता. तरी एकही स्मॅश वाया जाईना. तिला आधी मजा वाटली, मग अभिमान वाटला, आणि मग खोलीतले सगळे तिच्याचकडे बघतायत हे लक्षात येऊन जरा संकोचच वाटला.

"काही चुकलं का माझं?"

"नाही," दाढीवाला म्हणाला. "इतक्या लोकांनी हे खेळून बघितलं. हे यंत्र फक्त तुम्हाला ओळखतं. का, ते काही कळत नाहीये."

का, ते कळत नाहीये, असं तिच्यासमोर बोलणं म्हणजे उपाशी माणसासमोर ताट ठेवण्यासारखं होतं. आता तिला तिथून हलवणं शक्यच नव्हतं. "बघू या की मग," म्हणत तिनं खुर्चीच ओढून घेतली.

पोरानं तिच्या खेळाची चित्रफीत हळू लावली. कातडं काढून हाडांच्या जागी नुसत्या रेघा उराव्यात तशी ती पडद्यावर दिसत होती. फूल उंच येतं. ती गुडघ्यात वाकते, डावा खांदा खाली टाकते, मान आत ओढते आणि मग आडव्या हातानं, डोक्याच्या जरासं वरून, फटका मारते.

"मी वाकते?" तिला हसूच आलं. "ध्यान दिसतंय अगदी."

"दर वेळी वाकता. एकदाही चुकत नाही. डोक्यावर काहीतरी असल्यासारख्या." तो बोलता बोलता थांबला. मग त्यानं दुसऱ्या रेघा शेजारी लावल्या. "आणि हे गुरुजी."

गुरुजींच्या रेघा तिच्यापेक्षा कितीतरी लांब होत्या. फूल उंच आलं. त्या रेघा गुडघ्यात वाकल्या, डावा खांदा खाली गेला, मान आत गेली, हात आडवा फिरला.

तिचं हसू थांबलं.

"यंत्राला स्मॅश शिकवायचा म्हणून आम्ही एकाच माणसाच्या अंगावर ठिपके चिकटवून त्याला खेळायला लावलं होतं," दाढीवाला स्वतःशीच बोलल्यासारखा बोलत होता. "यंत्रानं वाकणं हाच स्मॅशचा भाग धरला. आम्हाला वाटलं, काकू, ती त्या माणसाची खास पद्धतच आहे. पण तुम्ही का वाकता?"

"पंखा," ती म्हणाली.

तिच्या लहानपणीच्या घरात एकच लांब खोली होती आणि त्या खोलीच्या मधोमध, नको इतका खाली, पंखा लटकत असे. आई कोपऱ्यात शिवणयंत्रावर असायची आणि पंखा बंद करू द्यायची नाही. दोन खिळ्यांना दोरी बांधून ती आणि तिचा धाकटा भाऊ तिथंच खेळायचे, आणि पंख्याला हात लागू नये म्हणून वाकूनच मारायचे. फूल पंख्याला लागलं की पिसं उडायची, आणि एकदा उडालेलं फूल थेट त्याच्या डोळ्यावर बसलं. तेव्हापासून आईनं नियम केला. फूल पंख्याला लागलं की तिनं भिंतीवरचं बटण बंद करायचं, आणि पंखा पुरता थांबेपर्यंत त्यानं मांडी घालून, डोळ्यांवर हात ठेवून खाली बसायचं. तो बसल्या जागेवरून ओरडायचा, "ताई, थांबला का?" आणि ती पंखा केव्हाच थांबलेला असला तरी म्हणायची, "अजून फिरतोय." बिचारा बसून राहायचा. पुढे तो ताडासारखा वाढला तरी घरात त्याला बारक्याच म्हणत, आणि खेळताना तो बाहेरच्या मैदानावरही वाकायचा. आभाळाखाली, डोक्यावर काही नसताना.

"अशी वाकणारी माणसं जगात दोनच," ती म्हणाली. "एक मी. हा माणूस कुठे आहे?"

पोरानं बॉसबाईंकडे बघितलं. बॉसबाई पुढे आल्या. त्या सरळ बोलणाऱ्या होत्या.

"मॅडम, हे काम दुसऱ्या शहरातल्या एका स्टुडिओनं केलंय. ठिपके लावून खेळलेल्या माणसाचं नाव आमच्याकडेही येत नाही. आणि आलं असतं तरी सांगता आलं नसतं. तसा करारच आहे."

"माझा भाऊ आहे तो."

"असेलही. पण त्याला सापडायचंय की नाही, ते मला माहीत नाही."

हे मात्र तिच्या वर्मी लागलं, कारण ते तिलाही माहीत नव्हतं. आईच्या शेवटच्या दुखण्यात बारक्या कुठेतरी लांब पोरांना खेळ शिकवत होता. तो पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. दारातच तिनं विचारलं, "आता कशाला आलास?" त्यानं हातातली बॅग खालीसुद्धा ठेवली नाही. आला तसा फिरला. तिला वाटलं, येईल राग गेला की. त्याला वाटलं असेल, बोलावील राग गेला की. एकाच आईची दोघं, ताठ्यात कुणी कुणाला हार जायचं नाही. पुढे त्याचा नंबर बदलला, तिनं घर बदललं, आणि भांडण तेवढं जुन्या पत्त्यावर राहिलं.

त्या दिवसापासून कामात तिचं लक्ष लागेना. एका कवळीत तिनं सुळे उलटसुलट बसवले. घरी आरशासमोर उभी राहून ती हातातल्या वहाणेनं स्मॅश मारून बघायची, आणि वाकायची. न वाकता मारायचा प्रयत्न केला की खांदा आपोआप खाली यायचा. पण अशा वाकण्यावर किती भरवसा ठेवायचा? लोकांना ती दातांवरून ओळखू शकली असती, पण रेघांना दात नसतात. कुणी दुसराच असला तर? आणि तोच असला, आणि त्यानं तोंड फिरवलं तर? या दुसऱ्या शंकेची तिला जास्त भीती वाटत होती.

पुढच्या आठवड्यात बॉसबाई स्वतः तिच्या खोलीत आल्या. शेल्फावर ओळीनं मांडलेल्या कवळ्यांकडे त्यांनी जरा दचकूनच बघितलं.

"यंत्र बाजारात जायची वेळ आलीय," त्या म्हणाल्या. "ते वाकणं काढून टाकायला हवं. त्या माणसाला पुन्हा बोलावलंय. तो तिथल्या स्टुडिओत खेळेल आणि इथून कुणीतरी त्याच्याशी खेळायला हवं, म्हणजे खरा डाव होईल. यंत्र नीट ओळखतं ते तुम्हालाच. एक अट आहे. बोलायचं नाही. आवाजाची वायर आम्ही बंद ठेवणार. फक्त खेळायचं."

"आणि तो वाकायचा थांबला की?"

"मग नवीन गुरुजी. जुन्या हालचाली पुसून टाकू."

म्हणजे असलेली एकच खूणही जाणार होती. ती म्हणाली, "येते."

पडद्यावर हिरव्या केसांचा पुतळा येऊन उभा राहिला. फरक एवढाच की आज तो जिवंत होता. त्यानं पाय झटकले, मान इकडून तिकडे मोडली, तळव्याला घाम आल्यासारखा हात मांडीला पुसला. हात मांडीला तर कुणीही पुसतं, तिनं स्वतःला बजावलं.

डाव सुरू झाला. बॉसबाई फोनवर पलीकडच्या माणसांना सांगत होत्या, "वाकायचं नाही म्हणावं त्यांना." पुतळा ताठ उभा राहून मारायला गेला आणि फूल त्याच्या हाताला लागलंच नाही. दुसरं तसंच. तिसऱ्या वेळी मात्र त्याच्यातल्या जुन्या माणसाला राहवेना. गुडघे वाकले, खांदा पडला, आडवा हात फिरला आणि फूल सणसणत तिच्याकडे आलं. तिनंही वाकून परतवलं. जाळीच्या दोन्ही बाजूंना दोन चित्रं, डोक्यावर काही नसताना, लवून लवून एकमेकांना मारत होती. दाढीवाल्यानं हताश होऊन दोन्ही हात कोपरापासून जोडले.

पलीकडचा पुतळा एकाएकी खेळायचा थांबला. तिच्या चित्राकडे तोंड करून नुसता उभा राहिला. त्यालाही पडद्यावर कुणीतरी वाकताना दिसलं असणार.

आता नाही तर कधीच नाही, असं तिला वाटलं. तिनं सर्व्हिसचं फूल मुद्दाम सरळ वर उडवलं, पंखा असायचा तिथं. मग चटईच्या कडेपर्यंत डावीकडे गेली, टाचा उंचावल्या, हात वर केला आणि तिथं नसलेल्या भिंतीवरचं नसलेलं बटण वर ढकललं.

पुतळा उभाच होता. ती हात तसाच वर धरून बघत राहिली. खांदा भरून आला तरी तिनं हात खाली घेतला नाही. तिला रडू येत होतं आणि ते तिला यायला नको होतं, कारण मग पडदा दिसला नसता.

मग पुतळा खाली बसला. आधी एक गुडघा, मग दुसरा. मांडी घातली, आणि दोन्ही हात डोळ्यांवर ठेवले.

"हँग झालं की काय?" दाढीवाला पेटीकडे धावला.

"हात लावू नका," ती म्हणाली. "पंखा थांबतोय."

बॉसबाईंनी पडद्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि पुढे होऊन स्वतःच्याच हातानं आवाजाची वायर जोडली. आधी नुसती खरखर आली. मग एका मोठ्या माणसाचा, दाटून आलेला आवाज आला.

"ताई, थांबला का?"

"थांबला रे," ती म्हणाली. "केव्हाच थांबलाय. ऊठ आता."