मध्ये जागा सोडू नये

मी एक जुने मॅन्युअलचे पान आहे. मित्रांनो, संगणकाला टंकून हुकूम देता येतो, त्याला कमांड म्हणतात. कमांडच्या शेपटीला 'हे असे कर, ते तसे कर' असे पर्याय जोडलेले असतात. ते सुटे करून प्रोग्रामच्या हाती देणारे एक छोटे अवजार आहे. ते कसे वापरावे, हे सांगणे माझे काम. जिथे ते अवजार, तिथे मी.

मला लिहिणारा प्रोग्रामर हुशार, पण लिहिण्याचा त्याला भारी कंटाळा. अवजारावर त्याने दोन वर्षे घालवली आणि मला जेवणाआधीच्या अर्ध्या तासात उरकले. 'काही पर्यायांपुढे आकडा देता येतो,' एवढे लिहून तो मोकळा झाला. कसा द्यायचा, ते त्याच्या डोक्यातच राहिले. अवजाराची वाहवा झाली. माझ्याकडे लोक अडल्यावरच येत आणि कपाळाला आठ्या घालून जात.

डोळ्यांच्या एका दवाखान्यात जाड चष्म्याच्या एक तंत्रज्ञ होत्या. सगळे त्यांना भिंगताई म्हणत. रुग्णांच्या डोळ्यांतल्या पडद्याचे फोटो काढणे आणि जपणे हे त्यांचे काम. संगणक भरत आला, तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी दहा वर्षांपलीकडचे फोटो काढून टाकायला सांगितले. फोटो पुसणारा प्रोग्राम माझ्याच अवजारावर चालत होता, म्हणून भिंगताईंनी मला छापून घेतले आणि पेन्सिलीने खुणा करत तीनदा वाचले. मग 'ठेव' हा पर्याय, एक जागा सोडून दहा हा आकडा, अशी कमांड लिहिली. कोणीही शहाण्याने तसेच लिहिले असते. पण तो आकडा पर्यायाला चिकटवूनच लिहावा लागतो. मध्ये जागा सोडली, की अवजार आकडा बाजूला टाकते आणि पर्याय रिकामाच पुढे धाडते. दहा वर्षांचे शून्य झाले. समोरचा चहा निवायच्या आत सगळे फोटो पुसले गेले, आणि दुसरी प्रत कोणी ठेवलेली नव्हती.

त्याच सकाळी एक म्हातारे सुतार तपासणीला आले. त्यांच्या डोळ्यातला डाग वर्षभरात वाढला की नाही, हे डॉक्टरांना सांगता येईना. डॉक्टर सगळ्यांदेखत भिंगताईंवर उखडले.

"न वाचता हात कशाला लावलात?"

"वाचलं होतं," त्या म्हणाल्या आणि मला पुढे केले. डॉक्टरांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. मला तोंड असते तर मी तिथे बोंब ठोकली असती!

भिंगताईंनी प्रोग्रामरला पत्र लिहिले. त्याचे उत्तर एका ओळीचे आले: 'जाणकारांना हे माहीत असतं.' मित्रांनो, जाणकारांना माहीत असते, तर मला लिहिले कोणासाठी?

भिंगताईंच्या आत्याने औषधाच्या दुकानात चाळीस वर्षे पुड्यांवर कसे घ्यायचे ते लिहिले होते. आत्याने चष्मा पुसला, मला वाचले आणि बाजूला ठेवले.

"'गोळी घेता येते' एवढंच मी लिहिलं असतं ना, तर लोकांनी मला दुकानातून ओढून काढलं असतं. बस, नीट लिहू."

दोघींनी मिळून तीन ओळी लिहिल्या. आकडा चिकटवून लिहावा. मध्ये जागा सोडू नये. सोडल्यास आकडा धरला जात नाही. खाली एक बरोबर उदाहरण आणि एक चुकीचे. भिंगताईंनी ते प्रोग्रामरला धाडले, पण 'पान उगाच लांबतं,' म्हणून त्याने परत पाठवले. भिंगताईंनी पुन्हा धाडले. असे पाच वेळा झाले. शेवटी तो दुसऱ्या कामाला लागला, आणि अवजार ज्या बाईंकडे आले त्यांनी त्या ओळी त्याच दिवशी माझ्यात घातल्या. पण बदलांच्या नोंदवहीत काय लिहिले, ठाऊक आहे? 'किरकोळ शुद्धलेखन.'

"असू दे," भिंगताई म्हणाल्या. "यापुढं कुणाचं जाणार नाही."

त्या असू दे म्हणाल्या. मी म्हणणार नाही. गेलेले फोटो परत आले नाहीत, आणि डॉक्टर आजवर त्यांना चुकलो म्हणाले नाहीत. मित्रांनो, तुम्ही उद्या एखादी वस्तू घडवाल, तेव्हा ती कशी वापरावी हेही तेवढाच जीव ओतून लिहा. आणि कोणाचे चुकले, तर 'वाचलं नाहीस का?' असे दरडावण्याआधी त्याने जे वाचले, ते एकदा स्वतः वाचून पाहा.