माझ्यावर बसून न बोलणाऱ्या दोघी

मी ट्यूब बोलतेय. छतावरून डोळे मिचकावणारी ती नव्हे, आणि रोज सकाळी शेपटाकडून पिळली जाते ती तर नव्हेच. मी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकातली ट्यूब. अंगाने भरलेली, रंगाने काळी, पाच ठिगळांची आणि जरा बडबडी. पोटात हवा मावेनाशी झाली की बोलणं आपोआप होतं, त्याला मी काय करू?

माझा जन्म कारखान्यातला. तापलेल्या साच्यातून मला ओढून काढलं, अंगाला पांढरी पावडर चोपडली, घडी घातली आणि खोक्यात बसवलं. तिथून गेले ती थेट टायरच्या पोटात. नऊ वर्षं आत काढली. सगळा भार माझ्या हवेवर, पण लोक एकमेकांना विचारणार काय, तर "टायर कुठला घेतला?" आमची चौकशी फक्त हवा गेल्यावर होते, आणि तीही शिव्या घालत.

त्या नऊ वर्षांत पाच वेळा खिळा लागला. पाचही वेळा पंक्चरवाल्याने मला टाकीतल्या पाण्यात बुचकळलं, बुडबुडे कुठून येतात ते पाहिलं, ठिगळ लावलं आणि परत अंधारात कोंबलं. पाण्याशी माझी ओळख एवढीच. मग चाकाला नवीन टायर-ट्यूब आली आणि मी पंक्चरच्या दुकानात खुंटीवर लटकले.

एका उन्हाळ्यात, सकाळी सकाळी, हवा भरायला एक गाडी आली. आत तीन बायका. तिघीही पन्नाशी ओलांडलेल्या आणि तिघीही एकाच वेळी बोलणाऱ्या. एक दवाखान्यातली नर्स, तिला सगळ्या सिस्टर म्हणत. दुसरी बेकरीची मालकीण, शाळेपासून तिचं नाव टोस्ट. तिसरी टेलर, अंगाने बारीक, बोलणं टोचरं, म्हणून ती सुई. चार दिवस तळ्याकाठच्या घरी निघाल्या होत्या.

टोस्टने मला खुंटीवर पाहिलं आणि ती गाडीतून उतरलीच.

"दादा, ही पाण्यात माझ्यासकट तरंगेल?"

"ताई, हिने ट्रॅक्टर पेललाय," पंक्चरवाला म्हणाला. "तुमचं काय एवढं?"

टोस्टला क्षणभर राग यावा की आनंद व्हावा ते कळेना. मग तिने हसून गाडीतला एक अख्खा केक त्याला दिला आणि त्याने मला गाडीच्या टपावर बांधलं. आयुष्यात पहिल्यांदा अंगाला ऊन लागलं. मी हरखून गेले.

वाटेत सुई फळं घ्यायला उतरली. लगेच खाली दोघींची कुजबुज सुरू झाली. टपावरून सगळं ऐकू येतं.

"भोंगाला काय सांगितलंस?"

"सुई येणार नाही म्हणून सांगितलं. आणि सुईला सांगितलं, भोंगा येणार नाही."

"दोघी मिळून आपल्याला तळ्यात बुडवतील गं."

"बुडवू देत. तेवढं तरी दोघी मिळून करतील."

भोंगा ही चौथी. शाळेची बस चालवायची, आणि तिच्या आवाजापुढे बसचा भोंगा लाजायचा. सुई आणि ती म्हणजे एका बाकावरच्या, एका डब्यातलं खाणाऱ्या. दोन वर्षांपूर्वी भोंगाच्या मुलीचं लग्न झालं. त्या लग्नात भोंगाने घालायचा म्हणून सुईने तीन आठवडे खपून एक निळा रेशमी ड्रेस शिवला, आणि लग्नाच्या दिवशी भोंगा दुकानातला तयार ड्रेस घालून उभी! सुई न जेवता घरी गेली. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. सुईने लग्नाचे कपडे शिवणंच सोडलं. आता पडदे शिवायची आणि उशांचे अभ्रे.

"ह्या खेपेला नाही जमलं तर मी पुन्हा हात घालणार नाही," सिस्टर म्हणाली. तिचा आवाज जरा ओला झाला होता. "मग आपण चौघी संपलो म्हणायचं."

माझ्या पोटातली हवा एकदम जड झाली.

घर सिस्टरच्या मामेभावाचं. दोन खोल्या, पुढे पडवी, स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं तळं दिसायचं. न्हाणीघर एकच, आणि त्याची कडी वर उचलून ढकलल्याशिवाय लागायची नाही. दारापासून सात पायऱ्या उतरलं की लाकडी धक्का. मला धक्क्याच्या खांबाला दोरीने बांधलं आणि पाण्यात सोडलं. काय सांगू! बुचकळणं वेगळं आणि तरंगणं वेगळं. मी गरगर फिरले, डुलले, दोनदा धक्क्याला धडकले.

दुपारी बाहेर हॉर्न वाजला. सुई टोमॅटो चिरत होती. तिने खिडकीतून पाहिलं, सुरी ठेवली आणि म्हणाली, "गाडीची चावी कुठाय?"

"साखरेच्या डब्यात पडली," टोस्ट म्हणाली.

"आणि डबा?"

"तो काही सापडत नाहीये."

भोंगाचीही तीच गत. तीही दारातूनच माघारी वळली, पण तेवढ्या वेळात सिस्टरने तिच्या बॅगेतले कपडे काढून भिजत घातले होते. ओल्या कपड्यांनिशी कुठे जाणार? राहिली बिचारी.

मग सुरू झाली माझी खरी नोकरी. दोघी एकमेकींशी बोलायच्या नाहीत, आणि बाकीच्या दोघी मुद्दाम कुठेतरी नाहीशा व्हायच्या. धक्क्यावर उरायची मी. मग काय, दोघी माझ्याशी बोलायला लागल्या.

"ट्यूबबाई," भोंगा म्हणायची, "कुणाला तरी सांगा, टॉवेल वाळलाय म्हणून."

"ट्यूबबाई," सुई टॉवेल ओढून घेत म्हणायची, "कुणाला तरी सांगा, लोकांना टॉवेलची काळजी असते, माणसांची नसते."

दोन दिवस मी असे निरोप पोचवले. म्हणजे पोचवायची गरजच नव्हती, दोघी चार हातांवर बसलेल्या असायच्या. पण मला भाव आला होता, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी टोस्टने माझ्यावर उडी मारली आणि माझा व्हॉल्व्ह तिच्या मांडीला चांगलाच ओरखडला. ट्रॅक्टरचा व्हॉल्व्ह तो, बोटभर लांब आणि पितळी. सुईला असलं काही सहन होत नाही. टोचणारी वस्तू दिसली की ती झाकायची, हा तिच्या हाताचा धर्म. तिने जुन्या चादरीचा तुकडा घेतला आणि व्हॉल्व्हला सुरेख टोपडं शिवलं. पण शिवता शिवता आतली बारीकशी पिन तिच्या नजरेत आली. हीही उद्या कुणाला टोचायची, असं म्हणत तिने चिमट्याने ती फिरवली. फुस्स आवाज आला. घाबरून तिने ती परत आवळली, पण पुरती नाही. मी ओरडून सांगत होते, पण वरून टोपडं घातलेलं!

तिसऱ्या दुपारी सिस्टर आणि टोस्टने शेवटचा डाव टाकला. दोघींना माझ्यावर समोरासमोर बसवलं, "एक फोटो काढू दे" म्हणाल्या, आणि दोरी सोडून मला पायाने ढकलून दिलं.

"बोलल्याशिवाय परत यायचं नाही!" टोस्ट ओरडली.

बेत पाच मिनिटांचा होता. पण वारा उठला आणि मी निघाले ती थेट तळ्याच्या मध्यावर. दोघी पाठी फिरवून बसलेल्या. आणि टोपड्याखालून माझी हवा जायला लागली.

सुईला पोहता येत नव्हतं. भोंगाला येत होतं. मला हे ठाऊक होतं आणि माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

सुईने आवाज ऐकला, टोपडं ओढून काढलं आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर अंगठा दाबून धरला. फुसफुस थांबली. मग दोन वर्षांनी ती पहिल्यांदा भोंगाकडे बघून बोलली.

"जा तू पोहत. तुला येतं. मी बसते इथे."

"गप्प बस आणि अंगठा काढू नकोस," भोंगा म्हणाली. तिने धप्पकन पाण्यात उडी टाकली, मला मागून धरलं आणि पाय मारत काठाकडे ढकलायला लागली. मी आधीच निम्मी झाले होते, सुई माझ्यात घडी पडल्यासारखी बसली होती.

"का नाही घातलास?" सुईने विचारलं.

"काय?"

"ड्रेस. माझा ड्रेस का नाही घातलास?"

"आत्ता? आत्ता विचारतेस हे?"

"मग कधी विचारू, बुडाल्यावर?"

भोंगाने चार वेळा जोरात पाय मारले. मग तिचा तो आवाज साऱ्या तळ्यावर घुमला. "घातला होता गं! सकाळी घातला होता. लेकीने मागून ओढून ओढून लावला. उभं राहता येत होतं. श्वास घेता येत नव्हता!"

"खोटं. माझं माप चुकत नाही."

"तुझं नाही चुकलं. माप घेताना मी पोट आत ओढून धरलं होतं!"

 

"किती?" सुईने विचारलं.

"किती म्हणजे?"

"किती आत ओढलं होतंस?"

"जमेल तेवढं! तू समोर टेप घेऊन उभी, तुझी कंबर अजून शाळेतलीच, आणि मी वीस वर्षं स्टिअरिंगपुढे बसून फुगलेली. लाज वाटली मला."

"अगं, मग सांगायचंस! आत दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच माया सोडली होती मी. तासाभरात उसवून मोठा करून दिला असता."

"सांगणार होते. तू न जेवता निघून गेलीस. मग त्याची लाज वाटली. मग फोन करायचीही लाज वाटायला लागली. असं करत करत दोन वर्षं गेली."

सुईने अंगठा आणखी दाबला. "मला वाटलं, माझा हात गेला. मी पडदे शिवतेय दोन वर्षं. माणसाच्या अंगाला टेप लावायची भीती वाटते मला."

भोंगाचे पाय थांबले. ती माझ्या कडेवर हनुवटी टेकून म्हणाली, "वेडे, तुझा हात नाही गेला. माझं पोट आलं."

आधी सुईच्या नाकातून एक चमत्कारिक आवाज आला. मग ती हसायला लागली. हसता हसता अंगठा सुटला आणि मी फुस्स केलं. "अंगठा! अंगठा!" भोंगा किंचाळली, आणि स्वतःच एवढी हसली की पाणी नाकात गेलं. दोघी हसताहेत, रडताहेत, अंगठा सुटतोय, दाबला जातोय, आणि मी थोडी थोडी बुडतेय. मला मेलीला त्याचं काहीच वाटत नव्हतं. शेवटी मी चपाट झाले, सुई पाण्यात घसरली आणि भोंगाने तिला कवटाळून "धरलंय, धरलंय!" म्हणत पाय खाली सोडले.

पाणी कमरेएवढं होतं.

काठ कधीच आला होता. समोर सिस्टर आणि टोस्ट गुडघाभर पाण्यात उभ्या, एकीच्या हातात माझी दोरी, दुसरीच्या हातात बादली, दोघींचे चेहरे पांढरे. बादलीने काय करणार होती, ते टोस्टने आजवर सांगितलेलं नाही.

सुईने सिस्टरच्या हातातली दोरी हिसकावली आणि तिथेच, पाण्यात, भोंगाच्या कमरेभोवती गुंडाळली.

"पोट सोड."

"सोडलं."

"खोटं बोलू नकोस. सिस्टर, हिला खोकायला लाव."

भोंगा खोकली. सुईने गाठ मारली, दोरी सोडवून वितींनी मोजली आणि कपाळाला हात लावला. जुनी मापं तिच्या डोक्यात पक्की असतात. "चार इंच! चार इंच लपवलेस माझ्यापासून!"

भोंगाने तिला परत पाण्यात ओढलं. मग बाकीच्या दोघीही पडल्या, आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही. मला मुळीच राग आला नाही.

त्याला आता दोन उन्हाळे झाले. माझं रबर भेगाळलंय, हवा अर्धा तासही टिकत नाही. तरंगायची नोकरी संपली. होड्या आपटू नयेत म्हणून मला धक्क्याच्या खांबाला अडकवून ठेवलंय, आणि चौघी आल्या की मला टेकून बसतात. मजेत आहे मी. जाता जाता तुमच्याकडे एकच मागणं आहे: आपलं माणूस माप घ्यायला बसलं, तर पोट आत ओढू नका. आत ओढलेलं फार वेळ धरून ठेवता येत नाही. हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

कालचीच गोष्ट. सुई ह्या वर्षी उशिरा आली, कारण लग्नाचे तीन ड्रेस पुरे करून निघाली होती. भोंगा तो निळा, सुईने उसवून मोठा करून दिलेला ड्रेस घालून सात पायऱ्या उतरली, दोनदा वाढून घेऊन जेवली, मला टेकून बसली आणि टोस्टच्या कुठल्याशा बोलण्यावर अशी खदखदून हसली की कुशीतली शिवण टर्रकन उसवली. चौघींचे डोळे त्या शिवणीवर. माझ्यात हवा असती तर तेवढ्यात तीही गेली असती.

सुईने कॉलरमागे टोचलेली सुई काढली, दोरा ओवला आणि तिच्याजवळ गुडघे टेकून बसली.

"हलू नकोस."

"मग हसवू नकोस."

"श्वास घे," सुई म्हणाली. "मोठा घे. आणखी मोठा. हां, आता तेवढाच धर, तिथे टाका घालते."