जुन्या चोकमधलं तेल

मित्रांनो, उजेड पडला की तुम्ही ट्यूबलाइटकडे बघता. तिला पेटवणाऱ्या चोककडे कोण बघतं? मी तसलाच एक जुना चोक आहे. लोखंडी डबा, आत तांब्याची तार, डांबर आणि थोडंसं तेल. मला घडवणाऱ्यांना त्या तेलाचं भारी कौतुक होतं. ते सहजी पेटत नाही, कुजत नाही, सुकत नाही. अंगात शिरलं की चरबीत घर करतं आणि निघता निघत नाही, हे मात्र त्यांनी डब्यावर लिहिलं नाही. मग मी तरी कशाला सांगू?

आशागडजवळ फुगे बनवायच्या एका शेडमध्ये मी माझ्या भावंडांबरोबर वर्षानुवर्षं टांगलेला होतो. मी घूं घूं करतो म्हणून कामाला येणाऱ्या बायका मला शिव्या घालायच्या आणि ट्यूबला मात्र फडक्याने पुसायच्या. तो राग माझ्या मनात अजून आहे.

२०१६ साली शेडमध्ये एलईडी आल्या. आम्हाला उतरवताना वायरमन रविंद्र म्हणाला, "शेठ, ह्यांच्यातलं तेल विषारी असतं. असा माल घेणारे वेगळे असतात, त्यांनाच द्या."

"त्यांच्या मागे कोण फिरणार?" नविनशेठ म्हणाले. मग बाहेर झाडू मारणाऱ्या बाबल्याला त्यांनी हाक मारली. "बाबल्या, घेऊन जा रे घरी. तांबं चांगलं निघेल."

बाबल्याने हात जोडले. रविंद्र पुन्हा शिडीवर चढला. शेठ करून सवरून नामानिराळे! असा मालक भाग्यानेच मिळतो.

बाबल्याने आम्हाला अंगणात फोडलं. तांबं अच्छाडच्या भंगारवाल्याकडे गेलं. माझा जीव तेवढा तेलात उरला. ते तो ओतून टाकणार, तेवढ्यात त्याची आई धोंडी धावली.

"ओतू नको रं! खांबावरल्या डीपीतल्या तेलावानी हाय. गुडघ्याला लय गुणाचं!"

सगळ्या भावंडांचं मिळून बाटलीभर तेल झालं. रोज संध्याकाळी धोंडी गुडघे चोळायची आणि त्या बाटलीचे गुण गायची. जन्मात पहिल्यांदा कुणी मला नावाजत होतं.

पुढच्या वर्षी बाबल्याच्या बायकोला, हिरीला, मुलगी झाली. निलम. हिरीचं पहिलं मूल दगावलेलं, म्हणून ही पोर सगळ्यांच्या जिवाची. धोंडीने लाडाने त्याच बाटलीतलं तेल नातीच्या अंगाला चोळलं. काही आठवड्यांत निलमच्या गालांवर काळ्या तोंडाच्या पुळ्या उठल्या. हिरी पोरीला उराशी धरून, बाटली घेऊन उपकेंद्रात धावली.

संगिता नर्सने बाटली हुंगली. "हे काय अंगाला लावतात? आधी फेकून दे!"

"कुठं फेकू, बाई?"

नर्सने तोवर पुढच्या बाईला हाक मारली होती.

हिरी शहाणी. पाड्यातल्या कुणाच्या पोराच्या हाती लागू नये म्हणून ती उन्हातून लांब ओहळापर्यंत चालत गेली. तिथे तिने मला ओतलं, बाटली घासून धुतली. मी पाण्याहून जड. तळाच्या चिखलात जाऊन बसलो. तिथे खेकडे राहतात.

हळूहळू पुळ्या बसू लागल्या. "माझी पोर वाचली, आये," हिरी म्हणाली आणि रडली. धोंडीला आपल्या हातून झालेलं खात होतं. सुनेचं दूध वाढावं म्हणून ती स्वतः त्याच ओहळात उतरली, चिखलात कोपरापर्यंत हात घालून खेकडे धरले आणि त्यांचा रस्सा केला. हिरी पोटभर जेवली. मग तिने निलमला पदराखाली घेतलं. पोर मिटल्या डोळ्यांनी दूध पीत राहिली.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं तुम्ही म्हणता. माझा तर सुंभही जळत नाही. तेव्हा मित्रांनो, तुमची काळजी मी घेईनच, तुम्ही माझी एवढीच घ्या. दृष्टीआड सृष्टी म्हणा आणि जुनं ते खुशाल फेका. फक्त 'कुठे?' असं विचारू नका. हिरीने एकदा विचारलं, तेव्हा मी फार घाबरलो होतो. नशीब माझं, तिला कुणी उत्तर दिलं नाही.