घोटाईला जुम्मा नसतो

जुन्नरच्या कागदी मोहल्ल्यात कमरुद्दीनच्या हौदाचा शिरस्ता सगळ्यांच्या तोंडी होता. जग इकडचं तिकडे होवो, शुक्रवारी त्या हौदात कुणी हात घालायचा नाही. कागदाचा लगदा तसाच पडून राहायचा, कारागीर न्हाऊनधुऊन घरी बसायचे. खुद्द कमरुद्दीन पांढरा अंगरखा घालून, कानात अत्तराचा फाया खोचून ओसरीवर बसायचा आणि येईल त्याला ऐकवायचा, "सहा दिस हात चालले, सातव्या दिशी बी जीव थांबला न्हाई, तर अल्लाची याद कवा येनार? मग मानूस आनि घाण्याचा बैल, फरक काय ऱ्हायला?"

बोलणं खरं होतं. म्हणूनच ते त्याच्या बायकोला, ताजबीला, ऐकवत नसे.

कारण आतल्या खोलीत ती आणि सून दिलशाद सकाळपासून कागद घोटत बसलेल्या असायच्या. फळीवर कागद पसरायचा आणि गुळगुळीत दगडाने तकाकी येईस्तोवर घासायचा. शनिवारी माल निघायचा, तेव्हा शुक्रवारी घोटाई हवीच. नवी नवरी असताना ताजबीने सासूला विचारलं होतं. सासू म्हणाली, "जुम्मा हौदाचा असतो. घोटाई काय काम हाय?" तीस वर्षांनी ताजबीने तेच सुनेच्या गळी उतरवलं होतं. केलं होतं खरं, लपवायचं कशाला?

दिलशादला आठवा महिना होता. पहिलं पोर आठव्यातच गेलं होतं, आणि सुईणीने या खेपेला बजावलं होतं, हिला पडून राहू द्या. त्या शुक्रवारी दुपारी पोरीने कंबर धरली, तोंड पांढरंफटक पडलं. ताजबीने तिच्या हातातला दगड ओढून घेतला आणि तिला गोधडीवर निजवलं.

ओसरीवर अवसरीचा हौशीराम आला होता, लगद्यासाठी जुन्या तागाचा भारा घेऊन. "लई ब्येस रीत तुमची," तो म्हणत होता. "आमी बी सोमवारी बैल जुंपत न्हाई."

एवढ्यात कमरुद्दीनने आत हाक मारली, "अगं ए, हात का थांबले? उद्या माल जायचाय!"

ताजबी बाहेर आली. कागदाची चळत आणि दगड तिने नवऱ्यापुढे आदळला. "दिलशाद झोपलीय. तुमी बसा घोटायला."

"मी? आज जुम्मा हाय!"

"घोटाई काम न्हाई ना? मग तुमचा जुम्मा मोडत न्हाई. बसा."

हौशीरामने मान खाली घातली. कमरुद्दीनने एकदा पाहुण्याकडे पाहिलं, एकदा आपल्या पांढऱ्या बाह्यांकडे. मग पुटपुटला, "ठेव ते. उद्या बघू."

म्हणजे ते काम होतं, आणि याला तीस वर्षं ठाऊक होतं. त्या अत्तराची ताजबीला अशी शिसारी आली की ती तिथे उभी राहू शकेना.

आत येते तो दिलशाद उठून बसलेली, चाचपडत फळी ओढत होती. "अम्मा, डोळा लागला माझा. आत्ता घेते, लगेच घेते."

ही भीती कमरुद्दीनने नव्हती घातली. ताजबीला आता स्वतःचीच किळस आली.

"नीज पोरी," ती म्हणाली. "आज जुम्मा हाय."

दिलशाद तिच्या तोंडाकडे बघत राहिली. सासू टोमणा मारतेय की काय, तिला कळेना. ती काही केल्या आडवी होईना. शेवटी ताजबीच आधी आडवी झाली.